मोटारउद्योगाची धरसोड आणि तिची किंमत

नव्या मोटारीत गुंतवलेला पैसा परत यायला अनेक वर्षे लागतात. गुंतवणाऱ्यांचा धीर मात्र पुष्कळदा त्याआधीच सुटतो. तळेगावातून निघून गेलेली एक कंपनी, बुडता बुडता सावरलेली दुसरी आणि नागपूरच्या रस्त्यांवर झालेला एक प्रयोग, या तिन्हींतून आजच्या मोटारनिर्मात्यांपुढचा पेच नीट उमगतो.

मे २०१७ मधल्या दोन बातम्या एकमेकींशेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत. १८ मे रोजी जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने भारतातील विक्री त्या वर्षाअखेरीस थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. पुण्याजवळ तळेगावात कंपनीने कारखाना सुरू केला त्याला तेव्हा पुरती नऊ वर्षेही झाली नव्हती. त्यानंतर आठच दिवसांनी, २६ मे रोजी, नागपुरात विजेवर चालणाऱ्या टॅक्सी, रिक्षा आणि बस यांच्या एका संयुक्त प्रकल्पाचा शुभारंभ झाला. ओला आणि महिंद्र यांच्या पुढाकाराने दोनशे वाहनांचा ताफा उतरवण्यात येणार होता. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते, आणि अशा तऱ्हेचा देशातील पहिलाच प्रकल्प म्हणून त्याचे कौतुक झाले.

एकीकडे माघार आणि दुसरीकडे मुहूर्त. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे त्या वेळी कोणाला वाटले नाही. पण दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच होता. मोटार बनवणाऱ्याने एखाद्या बाजारपेठेला किंवा एखाद्या तंत्राला किती काळ आणि किती पूर्णपणे धरून राहायचे? आज डेट्रॉइटपासून टोकियोपर्यंतचे मोठे मोटारनिर्माते याच प्रश्नाने घेरले आहेत. महाराष्ट्राने या प्रश्नाची उत्तरे, बरी आणि वाईट, आपल्याच भूमीवर पाहिली आहेत. त्या अनुभवाचा निष्कर्ष असा, की मोटार कंपनीला चुकीचा निर्णय जितका महाग पडत नाही तितका अर्धवट निर्णय महाग पडतो. आणि त्या अर्धवटपणाची किंमत बहुतेक वेळा निर्णय घेणारा मोजत नाही. ती कामगार, सुटे भाग पुरवणारा लघुउद्योजक, शोरूमचा मालक आणि गाडीचा खरेदीदार मोजतात.

आधी खर्च, मग आशा

हा उद्योग इतर उद्योगांहून वेगळा का, हे प्रथम पाहिले पाहिजे. नवी मोटार कागदावर आल्यापासून ती शोरूममध्ये येईपर्यंत साधारणतः तीन-चार वर्षे जातात. या काळात आराखडे, चाचण्या, पत्रा दाबण्याचे साचे, यंत्रांची मांडणी यांवर शेकडो कोटी रुपये खर्च होतात आणि हाती एक रुपयाही येत नाही. शिवाय एका गाडीच्या दरवाजाचा साचा दुसऱ्या गाडीला चालत नाही. गाडी पडली, की त्यातली बरीचशी गुंतवणूक भंगाराच्या भावाने जाते. कारखाना पूर्ण क्षमतेच्या जवळपास चालला तरच हा खर्च प्रत्येक गाडीवर थोडा थोडा वाटला जातो. निम्मा कारखाना रिकामा राहिला, की विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीवर न विकल्या गेलेल्या गाडीचा बोजा पडतो. मग किंमत वाढवावी तर ग्राहक जातो आणि न वाढवावी तर तोटा वाढतो.

परवाना पद्धतीच्या काळात हे गणित आपल्याकडे कोणाला करावे लागले नाही. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या आराखड्यावरची मोटार बाहेर पडे, तीच पुढे पद्मिनी झाली. ग्राहक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत असे. वाट पाहणारा ग्राहक असताना नवी गाडी काढण्याचे कारणच काय? मारुती आली आणि पाठोपाठ १९९१ चे उदारीकरण आले, तेव्हा प्रीमियरची धावपळ सुरू झाली. एका हाताने फ्रान्सच्या प्यूजोशी संसार मांडायचा आणि दुसऱ्या हाताने इटलीच्या फियाटशी जुने नाते टिकवायचे, असा तो खटाटोप होता. दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्याचे जे होते तेच झाले. पद्मिनीचे उत्पादन थांबले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली. लोकांनी त्या गाडीला हळवा निरोप दिला. त्या गाडीमागचा कारखाना मात्र कधीच विस्मरणात गेला होता.

तळेगावचा धडा

जनरल मोटर्सची गोष्ट अधिक बोलकी आहे. कंपनीचा तळेगावचा कारखाना सप्टेंबर २००८ मध्ये सुरू झाला. वर्षाला एक लाख ४० हजार मोटारींची त्याची क्षमता होती. त्याच महिन्यात लेहमन ब्रदर्स कोसळली आणि पुढच्या वर्षी, १ जून २००९ रोजी, खुद्द जनरल मोटर्सने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. मायदेशी घर जळत असताना परदेशातील अंगणाकडे कोण पाहणार? अमेरिकी सरकारच्या पैशावर कंपनी सावरली. भारतासाठी मात्र स्वतःचा असा विचार तिच्याकडे कधीच नव्हता. कधी युरोपातील ओपेलच्या, कधी कोरियातील देवूच्या, तर कधी चिनी भागीदाराच्या गाड्या शेवरोलेचे चिन्ह लावून येथे विकल्या गेल्या. स्पार्क, बीट यांसारख्या गाड्या वाईट नव्हत्या. पण या गाडीनंतर कोणती, याचे उत्तर ग्राहकाला कधी मिळाले नाही.

जुलै २०१५ मध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी भारतात एक अब्ज डॉलरच्या गुंतवणुकीची घोषणा केली. दोन वर्षे उलटण्याआधीच तो बेत गुंडाळला गेला. २०१६-१७ या वर्षात कंपनीने भारतात जेमतेम २६ हजार गाड्या विकल्या आणि त्याच वर्षी सुमारे ७१ हजार गाड्या निर्यात केल्या. म्हणजे तळेगावच्या कामगाराच्या हातात कसब नव्हते असे नाही. त्याने बनवलेली मोटार परदेशी बंदरांवर उतरत होती. खोट होती ती विक्रीच्या धोरणात.

गुजरातमधील हलोलचा कारखाना चिनी कंपनीकडे गेला. तळेगावचा निर्यातीपुरता चालू राहिला आणि डिसेंबर २०२० मध्ये तेथील उत्पादनही थांबले. तो विकत घेण्यासाठी चीनच्या ग्रेट वॉल मोटर्सशी जानेवारी २०२० मध्ये बोलणी पक्की झाली होती. जूनमध्ये राज्य सरकारशी ३ हजार ७७० कोटी रुपयांचा सामंजस्य करारही झाला. पण त्याच दिवसांत गलवानच्या खोऱ्यात भारतीय जवान धारातीर्थी पडले आणि चिनी गुंतवणुकीला केंद्राची मंजुरी मिळणे अशक्य झाले. दोन वर्षे लोंबकळून तो व्यवहार २०२२ च्या मध्यावर संपुष्टात आला.

मधल्या काळात कामगारांचे काय झाले? कारखाना बंद करण्याची परवानगी राज्य सरकारने नाकारली. त्यामुळे कागदोपत्री कारखाना बंद नव्हता आणि प्रत्यक्षात चालूही नव्हता. एप्रिल २०२१ मध्ये, करोनाची दुसरी लाट भरात असताना, सुमारे चौदाशे कामगारांना ले-ऑफ देण्यात आला. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने तळेगावची जागा, इमारती आणि यंत्रसामग्री घेण्याचा करार केला. कामगार त्या करारात नव्हते. त्यांनी आंदोलने केली, उपोषणे केली, न्यायालयांची दारे ठोठावली. २०२५ च्या उत्तरार्धात तळेगावात पुन्हा मोटारी बनू लागल्या, नव्या ‘व्हेन्यू’ने प्रारंभ झाला. राज्याच्या उद्योगनकाशावरचा एक काळा ठिपका पुसला गेला, ही समाधानाची गोष्ट. पण ज्यांच्या आयुष्यातली उमेदीची वर्षे त्या ठिपक्यात गेली त्यांच्यासाठी तो पुसला गेलेला नाही.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. जनरल मोटर्सच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच होता. त्याच सुमारास कंपनीने युरोपातील ओपेल विकली, दक्षिण आफ्रिकेतूनही काढता पाय घेतला आणि जेथे नफा होतो तेथे पैसा लावला. भागधारकांनी त्याबद्दल तक्रार करावी असे काही घडले नाही. फोर्डनेही सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबवताना दहा वर्षांतील दोन अब्ज डॉलरहून अधिक तोट्याचे कारण दिले. तोटा सोसत राहावे असे कोणत्याही कंपनीला कोणी सांगू शकत नाही. प्रश्न आहे तो हा, की कंपनीचा ताळेबंद आणि गावाचा ताळेबंद या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकीत जमा पडलेली रक्कम दुसरीत खर्ची पडते, आणि दुसरी वही कोणी लेखापाल तपासत नाही.

बुडता बुडता

याउलट उदाहरण पुण्याचेच आहे. टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, डिसेंबर १९९८ मध्ये इंडिका आणली. मालमोटारी बनवणाऱ्या कंपनीने सुमारे १ हजार ७०० कोटी रुपये ओतून संपूर्ण देशी मोटार काढावी, याला पुष्कळांनी वेडेपणा म्हटले. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल ग्राहकांच्या तक्रारीही खूप आल्या. २०००-०१ मध्ये कंपनीला सुमारे ५०० कोटींचा तोटा झाला. भारतीय खासगी उद्योगाने तोवर असा आकडा क्वचितच पाहिला होता. त्या वेळी मोटारींचा विभाग विकून टाकणे सोपे होते. कंपनीने तसे केले नाही. तक्रारींची दखल घेऊन गाडी दुरुस्त केली, २००१ मध्ये ‘व्ही टू’ या नावाने ती पुन्हा आणली, कारखान्यातला खर्च निर्दयपणे छाटला. इंडिका चालली. नागपूर-अमरावती, नागपूर-चंद्रपूर मार्गांवर भाड्याने धावणाऱ्या डिझेल इंडिका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे आकडेवारीने सांगण्याची गरज नाही.

मग जून २००८ मध्ये टाटांनी २.३ अब्ज डॉलर मोजून फोर्डकडून जॅग्वार आणि लँड रोव्हर घेतल्या. हातात रोख नव्हती, अल्पमुदतीचे कर्ज काढले होते, आणि तीन महिन्यांत जगाचा पतपुरवठाच आटला. हक्कभागांच्या विक्रीकडे भागधारकांनी पाठ फिरवली, तेव्हा टाटा सन्सला पुढे व्हावे लागले. कंपनीने वृत्तपत्रांत जाहिराती देऊन सामान्य लोकांकडून ११ टक्क्यांपर्यंत व्याजाने मुदत ठेवी गोळा केल्या. २००८-०९ मध्ये एकत्रित तोटा अडीच हजार कोटींवर गेला. त्याच वर्षी सिंगूर सोडून नॅनोचा कारखाना साणंदला न्यावा लागला. एखादा कारखानदार एवढ्या संकटांत एकदम सापडावा अशी उदाहरणे थोडी. तरीही ब्रिटनमधील दोन्ही कंपन्यांच्या नव्या मोटारींवरचा खर्च टाटांनी पुरता आटू दिला नाही. पुढच्या चार-पाच वर्षांत त्याच मोटारी, विशेषतः चीनमधील मागणीच्या बळावर, समूहाच्या नफ्याचा मुख्य झरा ठरल्या.

पण म्हणून धीर धरणारा नेहमीच जिंकतो असा सोपा निष्कर्ष काढू नये. ज्या झऱ्याने टाटांना तारले तोच झरा चीनची मागणी ओसरल्यावर आटला, आणि २०१८ च्या ऑक्टोबर-डिसेंबर तिमाहीत टाटा मोटर्सला जवळजवळ २७ हजार कोटींचा तोटा दाखवावा लागला. २०२५ च्या सप्टेंबरात सायबर हल्ल्याने ब्रिटनमधील कारखाने आठवडेच्या आठवडे ठप्प झाले. नॅनोची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. एक लाखाची मोटार म्हणून जगाने तिच्याकडे कुतूहलाने पाहिले. ज्या कुटुंबांसाठी ती काढली त्यांना मात्र ‘सर्वांत स्वस्त गाडी’ दारात लावणे रुचले नाही. कंपनी ती गाडी वर्षानुवर्षे रेटत राहिली आणि २०१८ पर्यंत तिचे उत्पादन जवळपास शून्यावर आले.

इंडिका आणि नॅनो यांत फरक कोणता? इंडिकातील दोष यांत्रिक होते, ते ऐकून घेता येत होते आणि दुरुस्त करता येत होते. नॅनोचा दोष कल्पनेतच होता. धीर आणि हट्ट यांच्यातली सीमारेषा येथे आहे. बाजार जे सांगतो ते ऐकून आपण गाडी बदलत असू तर तो धीर. बाजाराने बदलावे म्हणून थांबून राहिलो तर तो हट्ट.

सोडण्याचीही रीत असते

महिंद्रने या बाबतीत निराळा वस्तुपाठ घालून दिला आहे. जीप आणि ट्रॅक्टर बनवणाऱ्या या कंपनीने २००२ मध्ये स्वतःच्या बळावर स्कॉर्पिओ काढली आणि नाशिकच्या कारखान्याचे भाग्य पालटले. नंतर रेनोच्या साथीने लोगन आणली, ती चालली नाही, भागीदारी २०१० मध्ये संपली. २०११ मध्ये कोरियातील सांगयाँग घेतली. दहा वर्षे पैसा ओतूनही ती सावरेना, तेव्हा एप्रिल २०२० मध्ये संचालक मंडळाने आणखी पैसा देण्यास नकार दिला आणि त्या डिसेंबरात सांगयाँगला न्यायालयाचा आश्रय घ्यावा लागला. फोर्डशी ठरलेला संयुक्त उपक्रमही त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी मोडला. वरवर पाहता ही अपयशांची मालिका आहे. पण प्रत्येक वेळी कंपनी आपल्या मूळ कसबाकडे, दणकट आणि उंच गाड्यांकडे परतली. जे आपले नाही ते सोडायचे आणि जे आपले आहे त्यात पैसा पुरता घालायचा, हा तिचा हिशेब होता. कोरियातील कामगारांना अर्थातच या हिशेबात समाधान वाटण्याचे कारण नव्हते. तळेगावच्या कामगाराने जे सोसले तेच त्यांनी सोसले; फक्त तेथे निघून जाणारी परदेशी कंपनी आपली होती, एवढेच.

आता नागपूरच्या प्रयोगाकडे वळू. महिंद्रने २०१० मध्ये बंगळूरची रेवा ही विजेच्या मोटारी बनवणारी कंपनी घेतली होती. तिच्याच वंशातली ‘ई टू ओ प्लस’ नागपुरात टॅक्सी म्हणून उतरली. गाडी लहान, एका चार्जिंगमध्ये जाण्याचे अंतर बेताचे. नागपूरच्या मे महिन्यात वातानुकूलन बंद ठेवून टॅक्सी चालवणे अशक्य, आणि चालू ठेवावे तर बॅटरी लवकर उतरणार. चार्जिंगची ठिकाणे मोजकी, एका गाडीला काही तास लागत. साहजिकच रांगा लागल्या. टॅक्सीचालकाचे उत्पन्न फेऱ्यांवर असते. त्याचा दिवस रांगेत जाऊ लागला. शुभारंभानंतर वर्षही उलटले नव्हते तेव्हा, २०१८ च्या प्रारंभी, अनेक चालक पुन्हा डिझेल गाडीकडे जाऊ पाहत असल्याच्या बातम्या आल्या. ती मोटारही पुढे बंद झाली.

या प्रयोगाला अपयश म्हणावे काय? कंपनीच्या वहीत ते नाही. नागपूरने शिकवलेले धडे तिच्या उपयोगी पडले असणारच. नोव्हेंबर २०२४ मध्ये महिंद्रने चाकणला बनलेल्या दोन मोठ्या विद्युत मोटारी बाजारात आणल्या, त्या टॅक्सीचालकासाठी नव्हे तर सुखवस्तू ग्राहकासाठी, आणि बॅटरी भरपूर मोठी ठेवून. पण नागपूरच्या वहीत काय जमा झाले? प्रयोगाला ज्यांनी आपली रोजची कमाई लावली त्या चालकांना त्या धड्याची फी कोणी परत केली नाही.

इंधनाचा चौरस्ता

आज हाच प्रसंग जगाच्या पातळीवर घडत आहे. विजेची मोटार हेच भविष्य, असे गृहीत धरून पाश्चात्त्य आणि जपानी कंपन्यांनी गेल्या दशकात अफाट पैसा गुंतवला. नंतर मागणी अपेक्षेइतकी वाढली नाही, अमेरिकेत सरकारी सवलती गेल्या, आणि चिनी कंपन्यांनी कमी किमतीत सरस गाड्या काढून सर्वांना मागे टाकले. डिसेंबर २०२५ मध्ये फोर्डने विद्युत मोटारींचे बेत आवरते घेताना १९.५ अब्ज डॉलरचा बोजा हिशेबात घेणार असल्याचे सांगितले. फोक्सवॅगनने जर्मनीत २०३० पर्यंत ३५ हजार नोकऱ्या कमी करण्याचा समझोता डिसेंबर २०२४ मध्ये कामगार संघटनेशी केला. निस्सानने वीस हजार नोकऱ्या आणि सतरापैकी सात कारखाने कमी करण्याचे ठरवले. होंडाशी विलीन होण्याची तिची बोलणी दोन महिन्यांत फिसकटली.

या कंपन्या विजेकडे वळल्या ही त्यांची चूक नव्हती. आधी दुर्लक्ष, मग घाईघाईने उडी आणि पहिल्या धक्क्यासरशी माघार, ही धरसोड त्यांना भोवली. चिनी कंपन्यांनी बॅटरीपासून सुरुवात केली आणि पंधरा-वीस वर्षे त्याच वाटेने चालत राहिल्या. टोयोटाने संकरित मोटारींचा, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी यांच्या मिलाफाचा, मार्ग टीका सोसूनही सोडला नाही. दोन अगदी विरुद्ध निवडी. पण दोन्ही पूर्ण मनाने केलेल्या. म्हणूनच दोन्ही टिकल्या.

भारतात तर चौरस्ताच आहे. टाटा आणि महिंद्र विजेच्या मार्गाने निघाले आहेत. त्यापैकी टाटांनी २०२१ मध्ये बाहेरच्या गुंतवणूकदाराकडून साडेसात हजार कोटी उभारून विद्युत मोटारींची स्वतंत्र कंपनी केली. मारुती सीएनजी आणि संकरित गाड्यांना धरून होती, तिनेही २०२५ मध्ये विद्युत मोटारीचे उत्पादन सुरू केले. इथेनॉलचा आग्रह तर नागपूरच्या खासदारांनीच राष्ट्रीय पातळीवर नेला. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे लक्ष्य देशाने २०२५ मध्ये, मूळ मुदतीच्या पाच वर्षे आधी, गाठले. शेतकऱ्याला आणि परकीय चलनाला त्याचा लाभ आहे, हे खरे. पण लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलहून सुमारे एकतृतीयांश कमी असते, आणि जुन्या गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या नव्हत्या, हेही खरे. २०२५ च्या पावसाळ्यात वाहनधारकांनी मायलेजविषयी जो ओरडा केला तो सगळाच निराधार नव्हता. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले. छोट्या मोटारींवर १८ टक्के, मोठ्यांवर ४० टक्के आणि विद्युत मोटारींवर पाच टक्के. करातला एक बदल गाड्यांची सगळी तुलनाच बदलून टाकतो. कंपनीला पाच वर्षे पुढचे पाहावे लागते आणि सरकारचे धोरण दर अर्थसंकल्पाला कूस बदलते. धरसोडीचा दोष एकट्या कंपन्यांच्या माथी मारून चालणार नाही तो यासाठी.

आपण काय मागावे?

विदर्भात मोठा वाहन उद्योग यावा ही मागणी जुनी आहे. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत महिंद्रचा ट्रॅक्टर कारखाना वर्षानुवर्षे उभा आहे. येथील हातांना हे काम जमते, याचा तो पुरावाच होय. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये मुंबईपर्यंत पूर्ण झाला. करारांच्या घोषणा होत आल्या आहेत, पुढेही होतील. अशा प्रत्येक घोषणेच्या वेळी किती कोटी आणि किती रोजगार हे दोनच आकडे विचारले जातात. तळेगावने तिसरा प्रश्न विचारायला शिकवले आहे. कंपनी गेली तर काय?

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या. कारखाना बंद करण्यासाठी सरकारची परवानगी पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्यालाही लागे. ती मर्यादा आता तीनशेवर गेली आहे. मोठ्या मोटार कारखान्याला याने फारसा फरक पडणार नाही. पण त्याला सुटे भाग पुरवणारे, शंभर ते तीनशे कामगारांचे जे कारखाने त्याच्या आसऱ्याने उभे राहतात, ते आता या कवचाबाहेर आहेत. आणि परवानगीच्या अटीने तळेगावच्या कामगारालाही काम दिले नव्हते, केवळ अधांतरी ठेवले होते, हेही विसरता येत नाही. तेव्हा कायद्याच्या जुन्या कवचाबद्दल हळहळण्यापेक्षा करारातच तरतूद असावी. स्वस्त जमीन, करांचा परतावा आणि विजेची सवलत देताना सरकारने कारखाना विकला गेल्यास कामगारांना नव्या मालकाकडे प्राधान्य मिळेल, मुदतीआधी गेल्यास सवलतींची परतफेड होईल आणि ती रक्कम प्रथम कामगारांच्या देण्याकडे वळेल, अशा अटी घालाव्यात. गुंतवणूकदार याने बिचकतील असे म्हटले जाईल. जो राहायला आला आहे त्याला जाण्याच्या अटींची भीती वाटण्याचे कारण नाही.

ग्राहकाचाही विचार हवा. कंपनी गेली, की गाडीची पुनर्विक्रीची किंमत कोसळते, शोरूम बंद पडते आणि सुट्या भागासाठी गॅरेजवाल्याच्या ओळखीवर अवलंबून राहावे लागते. सुटे भाग ठरावीक वर्षे मिळतील अशी कंपन्यांची आश्वासने असतात. त्यांना कायद्याचे बळ हवे. विजेच्या गाडीत तर हे अधिकच खरे, कारण तिच्या किमतीचा मोठा हिस्सा बॅटरीत असतो आणि बॅटरीची हमी देणारी कंपनीच नसेल तर ती हमी म्हणजे नुसता कागद.

राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारींना टोलमाफी आणि महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय यांचा समावेश आहे. टोलमाफी एका आदेशाने देता येते. चार्जिंगच्या सोयीला पैसा, जागा, वीज आणि रोजची देखभाल लागते. नागपुरात २०१७ मध्ये क्रम उलटा झाला होता. गाडी आधी आली आणि सोय मागून. तीच चूक सातशे किलोमीटरच्या रस्त्यावर झाली, तर भर उन्हात मध्येच अडकलेल्या प्रवाशाला कोणत्याही धोरणाचे कौतुक राहणार नाही.

मोटारनिर्मात्यांनी कोणते इंधन निवडावे, कोणत्या बाजारात राहावे, कोणाशी हातमिळवणी करावी, हे त्यांचे त्यांनी ठरवावे. त्यात चुका होतील, होणारच. मे २०१७ मधल्या त्या दोन बातम्यांनी आपल्याला एवढेच शिकवले आहे, की मुहूर्ताच्या दिवशी निरोपाचे बोलून घेणे हा अपशकुन नव्हे. लग्न ठरवताना देण्याघेण्याची यादी दोन्ही घरे बारकाईने लिहून काढतात. कारखाना ठरवताना ती यादी एकाच बाजूने लिहायची, हा रिवाज मात्र आता सोडायला हवा.